यंदाचा चुडा

पेटी उघडली की आधी वास येतो. जुन्या वर्तमानपत्राचा, खोबरेल तेलाचा, आणि काचेचा. काचेला वास नसतो म्हणणाऱ्यांनी आमच्या घरात एक उन्हाळा काढावा. थंड, कोरडा, विहिरीच्या तळच्या कातळासारखा वास असतो तो. अम्माची ही पेटी लाकडी आहे, वर काचेचं झाकण, कोपऱ्यांना पत्रा ठोकलेला. अब्बा ती सायकलला बांधून पारनेरच्या नाहीतर सुप्याच्या बाजाराला न्यायचे. बाकीचे दिवस ती आमच्या ओट्यावर असायची आणि तिच्यापाशी अम्मा. आम्ही मणेर, बांगड्या भरणारी माणसं. गावात आमचं एकच घर. आडनावानं आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. मणेराचं घर, मणेरीणबाई, मणेराची पोर. मला त्यात कधी काही कमी वाटलं नाही. गावात कुंभाराचं घर होतं, गुरवाचं घर होतं, तसं आमचं होतं.

यंदा चैत्रात यात्रेला म्हणून नगरहून गेले, तर ही पेटी ओट्यावर उघडी आणि अम्मा तिच्यापुढं बसून आईचा चुडा निवडत होती. आई म्हणजे आमच्या गावची देवी. एकेक बांगडी उजेडाकडं धरून बघायची, नखानं टिचकी मारून कानाशी न्यायची, मनाला आली तर बाजूला ठेवायची. नजर कमी झालीय, तरी घाई नाही. त्या निवांतपणाची आठवण आली की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो, कारण तिच्या मागं गावात काय ठरून बसलं होतं ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची कुणाची छाती झाली नव्हती.

आधी चुड्याचं सांगते. आमच्या देवीला हात नाहीत. डोंगराच्या पायथ्याला शेंदूर लावलेला तांदळा आहे, मोठा गोल दगड, त्यावर चांदीचे डोळे. मग चुडा भरायचा कुठं? तर यात्रेच्या सकाळी गावातली एक लेक नाहीतर सून तांदळ्याशेजारी पाटावर बसते. दर वर्षी वेगळ्या घराची पाळी. तेवढ्या वेळापुरता तिचा हात देवीचा. मणेरीण त्या हातात हिरवा चुडा भरते, भरून झाला की तो हात आपल्या डोळ्यांना लावते. मग ती बाई उठून मणेरणीच्या पाया पडते. तिथून पुढं यात्रा सुरू. अम्माच्या आधी हा मान माझ्या दादीकडं होता, तिच्या आधी तिच्या सासूकडं. गावानं दिलेला, मागून घेतलेला नव्हे.

त्याचीही रीत होती. आदल्या दिवशी उन्हं कलली की हलगी वाजत वाजत आमच्या दारात यायची. पाटलाच्या घरचं कुणीतरी थोरलं माणूस पुढं असायचं, हातात नारळ आणि सुपारी. ओट्यावर सुपारी ठेवायची आणि म्हणायचं, मणेरीणबाई, आईचा चुडा भरायला चला. आमंत्रण आल्याशिवाय मणेरीण जात नसते. सुपारी आली की अम्मा निवडलेल्या बांगड्या नव्या खणात बांधायची, बिस्मिल्ला म्हणून गाठ मारायची. गाठ बसली की त्या बांगड्या देवीच्या. त्या परत पेटीत जात नाहीत, विकल्या जात नाहीत.

लहानपणी मी तेलाची वाटी धरून अम्माशेजारी बसायचे आणि माझं सगळं जग म्हणजे बायकांचे हात. कांदा काढून आलेले हात, शेणाचे, मेथीचे, राखेचे. बाळंतिणीच्या हाताला शेपाचा वास यायचा. नागपंचमीच्या आधी ओट्यावर पोरींची झुंबड. मेंदीनं रंगलेली बोटं पेटीच्या काचेवर टेकायची, आणि अम्मा करवादायची, काचेला डाग पाडू नका गं भवान्यांनो. झोके बांधलेल्या लिंबाखालून गाणी यायची. संक्रांतीला थंडीनं हात ताठायचे तेव्हा अम्मा ते आधी स्वतःच्या हातात घेऊन चोळायची. बांगडी हाडावरून उतरायच्या नेमक्या क्षणी ती काहीतरी भलतंच विचारायची, सासू कशी आहे, म्हैस व्याली का, नवऱ्याचं नाव घे बघू. बाई लाजेपर्यंत बांगडी मनगटात. चुकून एखादी तडकली तर फुटली म्हणायची सोय नव्हती, वाढवली म्हणायचं, आणि ते तुकडे पायात येऊ नयेत म्हणून मी वेचायचे.

आणि चैत्रातली यात्रा! गोडीशेव तळल्याचा वास सकाळपासून, उसाच्या चरकाचे घुंगरू, काठीच्या मिरवणुकीत उधळलेली रेवडी. हगाम्यात पैलवानांच्या अंगाची लाल माती. पण सगळ्यात आधी, ऊन चढायच्या आत, देवळाच्या पायऱ्या चढणारी अम्मा, डोक्यावरून पदर, हातात खणाचं गाठोडं, आणि पुढं वाजणारी हलगी. बायका वाट सोडायच्या. मी तिच्या मागं वाटी घेऊन चालायचे, आणि ताठ मानेनं चालायचे. आमच्या सवारीला मोहरमात पहिला नारळ पाटलाच्या घरचा असायचा, आणि चैत्रात पाटलाच्या देवीचा पहिला मान आमचा. कुणी कुणावर उपकार करत नव्हतं. पाऊस पडला नाही तर सगळ्यांच्याच घरी हुलग्याचं माडगं शिजायचं.

एकदा मी अम्माला विचारलं होतं, आपल्या घराची पाळी कधी? पाटावर मी कधी बसणार? अब्बा जोरात हसले होते. अम्मा नुसती म्हणाली, आपण भरणारे, भरणाऱ्याचा हात कोण भरणार. मी फुगून बसले. पुढं किती तरी यात्रा मी तेच विचारून तिचं डोकं खाल्लं, मग मोठी झाले आणि विचारायचं सोडलं.

अब्बा गेले ते फाल्गुनात. कबरीवर माती लोटायला अख्खं गाव होतं. अम्माचे हात मोकळे झाले, आणि पुढच्याच महिन्यात यात्रा. आमच्या मनात धास्ती होती की आता विधवेच्या हातून देवीला चुडा कसा चालायचा. कुणी तसं कुजबुजलंही असेल. तेव्हा पाटलाच्या घरची थोरली काकू जिवंत होती. काठी टेकत ती स्वतः हलगीच्या पुढं आली, आमच्या ओट्यावर सुपारी ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली, “मनेरनीला कसलं आलंय रंडकीपन? साऱ्या गावाचा चुडा तिच्या हातावर हाय.” मग अम्माच्या शेजारी बसून राहिली, चहा प्यायली, अब्बांच्या आठवणी काढल्या. मला तेव्हा वाटलं होतं, ह्या गावातून आम्हाला आता कुणी हलवू शकत नाही. केवढी खुळी होते मी.

यंदा सुपारी आली नाही.

अम्मानं दुपारपासून ओटा सारवून घेतला होता, आणि नवी चटई टाकली होती. मी म्हटलं ऊन आहे, आत ये, तर आली नाही. हलगी वाजायला लागली. गुरवाकडं थांबली, कुंभाराच्या बोळात गेली, वाणी गल्लीतून वळली. आम्ही दोघी आवाजावरून ओळखत होतो कुठं पोचली ते. आमच्या बोळाच्या तोंडाशी आली आणि तशीच पुढं निघून गेली. अम्मा म्हणाली, आधी वरच्या आळीला जात असतील. मग म्हणाली, पोरं नवी आहेत, रीत ठाऊक नसेल. मग म्हणाली, विसरले असतील. दिवेलागणीपर्यंत ती त्यांच्यासाठी एकेक कारण शोधून देत होती, आणि मला एवढा संताप आला की मी आत जाऊन उगाच भांडी आपटली.

मला गाडीतच कळलं होतं. माळीवाडा स्टँडवरून निघालेल्या एसटीत गावचा एक ओळखीचा माणूस शेजारी होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाला, यंदा कमिटीनं जरा बदल केलेत. कसले, विचारलं तर खिडकीबाहेर बघायला लागला. मी अम्माला बोलले नाही. म्हटलं असेल काही कुस्त्यांचं, तमाशाचं. मनातल्या मनात ठाऊक होतं, पण विश्वास ठेवायचा नव्हता.

त्या रात्री अम्मानं गाठ मारली. सुपारी नसताना बिस्मिल्ला म्हणून गाठ मारली. आणि सकाळी उठून, जन्मात कधी केलं नाही ते केलं, आमंत्रणावाचून देवळाकडं निघाली. मणेरणीनं न बोलावता जाणं म्हणजे मान मागायला जाणं, हे तिनंच मला शिकवलेलं. मी तिच्या वाटेत आडवी आले. ती म्हणाली, विसरलेल्या माणसाला आठवण करून द्यायची असते, रुसून बसायचं नसतं. हलगी नव्हती. ती पुढं, मी मागं. वाटेत बायका भेटल्या. बऱ्या आहात का चाची, कधी आलीस गं, असं सगळं गोड गोड, आणि कुणाचीही नजर त्या गाठोड्यावर ठरेना.

पायऱ्यांशी यात्रा कमिटीचा अध्यक्ष उभा होता. थोरल्या काकूचाच नातू. त्याच्या बारशाला अम्मानं त्याच्या हातात काळ्या मनगट्या घातल्या होत्या, पाळण्याशी मी उभी होते. तो पुढं आला, वाकून नमस्कार केला. हो, नमस्कार केला. आणि म्हणाला, “चाची, तुमी आता तरास घेऊ नका. वय झालंय. यंदापासून आपली मानसं लावल्यात.”

आपली माणसं! शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला उत्तर असतं. त्यानं खुर्ची मागवली, पाणी मागवलं. अम्मानं पाण्याचा एक घोट घेतला आणि गाठोडं मांडीवर धरून बसली. मी त्याला म्हटलं, आम्ही कुणाची रे? तो हसला आणि म्हणाला, ताई, गैरसमज करून घेऊ नका. मग मोबाईल कानाला लावून निघून गेला. मला त्या मोबाईलवर काही वाजलेलं ऐकू आलं नव्हतं.

आत पाटावर सुमन बसली होती. यंदा पाळी पाटलाच्या घरची. सुमन माझी बालमैत्रीण. तिला गावातच दिली, पाटलाच्या घरात, म्हणजे अध्यक्षाची ती चुलती. लहानपणी आम्ही एका ताटात जेवलेलो, ईदला शिरखुर्मा ती माझ्याआधी चाटून पुसून खायची. तिच्या लग्नाचा चुडा अम्मानंच भरलेला. वाटी मी धरली होती, आणि सुमन माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. आता तिनं मला बघितलं. मग शेंदराकडं बघत राहिली. कमिटीतल्या कुणाच्या तरी बायकोनं बाजारातून आणलेला चुडा खोक्यातून काढला आणि तिच्या हातात भरायला लागली.

खरं सांगते, मी देवळाच्या दारात उभी राहून एकच गोष्ट मागत होते, फुटू दे. वाढवली वगैरे नाही, चांगली फुटू दे, त्या भरणारीच्या बोटांत जाऊ दे, सगळ्यांच्या देखत रक्त निघू दे. सगळ्या बांगड्या सुरळीत चढल्या. एकही तडकली नाही. हलगी वाजली, प्रसादाची शेरणी वाटली, यात्रा सुरू झाली. मणेरणीवाचून काही अडलं नाही, आणि मला जास्त त्याचाच राग आला. ज्या बायकांच्या सासरमाहेरची दुखणी अम्मानं हात चोळत ऐकून घेतली, त्यातली एकही म्हणाली नाही की हे बरं दिसत नाही. एकीनं नुसतं म्हटलं असतं! पुढं काय व्हायचं ते झालं असतं, पण अम्माच्या कानावर ते पडलं असतं.

घरी आल्यावर तिनं गाठोडं फडताळात ठेवलं आणि चहा टाकला. दिवसभर भोंग्यावर वर्गणीदारांची नावं चालली होती. घरात आम्ही आमची बोली बोलतो, मराठी-उर्दूची मिसळ. त्या बोलीतच मी म्हटलं, चल नगरला, माझ्याकडं राहा, काय ठेवलंय इथं. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी उठून चहाचे कप विसळायला घेतले.

उन्हं उतरली तेव्हा मागच्या दाराची कडी वाजली. सुमन होती. डोक्यावरून पदर पुढं ओढलेला, परड्यातून आलेली. हातातला तो चुडा तिनं काढून रुमालात बांधून आणला होता, मोकळे हात पुढं केले, डोळे भरलेले. म्हणाली, “चाची, मला तुमच्या हातच्या भरा. त्या भरल्यापासनं माझ्या जिवाला चैन न्हाई.”

अम्मा लगेच उठली. फडताळाकडं वळलीसुद्धा. मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, “सुमन, पुढच्या दारानं ये. ओट्यावर बस.”

“आगं, दिवस कसे आलेत तुला दिसत न्हाई का? मला त्या घरात ऱ्हायचंय.”

“आम्हालाही ह्या गावात राहायचंय.”

ती रडायला लागली. म्हणाली, तू नगरला जाशील निघून, मला रोज त्यांची तोंडं बघायची आहेत, माझं तिथं कोण ऐकतं. खोटं नव्हतं ते. मला तिची दयाही आली आणि तिचा गळाही धरावासा वाटला. सकाळी पाटावरून तिनं फक्त उठायचं होतं. कुणी तिला बांधून ठेवलं नव्हतं.

मला वाटलं अम्मा मलाच बोलणार. आल्या माणसाला दारात अडवणं तिच्या रक्तात नाही. ती पुढं आली, सुमनचा हात हातात घेतला, लग्नाआधी चोळायची तसा थोडा वेळ चोळला. मग सोडला. अम्मा चिडली की नेहमी गावच्या मराठीत चिडते, आणि आता ती तशीच बोलली. “सुमे, ह्या दारात मी आजवर कुनाला भरलं न्हाई. माझी बैठक ओट्यावर हाय. तितं ये, कवाबी ये. चोरून भरायला मी काय चोरीचा माल इकती व्हय?”

सुमननं पदर सारखा केला आणि परड्यातून निघून गेली. अम्मानं मागच्या दाराला कडी लावली, फडताळातून गाठोडं काढलं आणि पुढं ओट्यावर जाऊन बसली. बल्ब लावला. पेटी उघडली. देवळाकडं जाणारी यात्रा आमच्या बोळावरूनच जाते. पोरंटोरं पिपाण्या वाजवत चालली होती, बायका नव्या साड्यांत, खांद्यावर लेकरं घेतलेले बाप. ज्याला त्याला ओट्यावरचा उजेड दिसत होता. अम्मा बोळाच्या तोंडाकडं बघत होती. मीही बघत होते. मला अजून वाटत होतं, सुमन वळसा घालून येईल. तेवढा वळसा फार नव्हता. आम्ही बराच वेळ बसलो. ती आली नाही.

मग अम्मानं खणाची गाठ सोडली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, “हात दे.”

मी म्हटलं, अगं, त्या देवीच्या आहेत.

“मंग? देवीला हात हायेत का सोताचे? गावच्या लेकीचाच हात लागतो न्हवं? लहानपनी डोकं खायचीस, आपल्या घराची पाळी कवा. आज हाय आपली पाळी. हात दे.”

माझा हात आता कुठला मऊ राहिलाय. सांधे जाड झालेत, कितीतरी वर्षांत घड्याळाशिवाय मनगटात काही घातलं नव्हतं. अम्मानं तेल लावलं, अंगठा आत दाबला, आणि लागलं तसा मी श्वास ओढला. तेवढ्यात तिनं विचारलं, नगरला पाणी रोज येतं का गं? मी सांगायला तोंड उघडलं आणि बांगडी मनगटात होती. जाणारे येणारे थबकत होते. एक बाई थांबली, लेकराला पुढं ढकलून निघून गेली. अध्यक्षाच्या बरोबरची दोन पोरं मोटरसायकलवरून गेली, वळून बघत गेली. अम्मानं एकदाही मान वर केली नाही. एकेक करून सगळा चुडा दोन्ही हातांत भरला, एकही वाढवली नाही. मग माझे दोन्ही हात उचलून आपल्या डोळ्यांना लावले, आणि ते डोळे ओले लागले. मी रस्त्याच्या देखत ओट्यावरून उतरले आणि तिच्या पाया पडले.

दुसऱ्या दिवशी मी भरल्या यात्रेतून चालत एसटीला गेले, ओढणी मुद्दाम मागं टाकून. शेवेच्या दुकानापाशी सुमन उभी होती. हातात तोच कमिटीचा चुडा. तिनं आधी माझ्या हातांकडं बघितलं, मग मान वळवली. मी पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली, चांगली आवाज करत.

अम्मा नगरला आली नाही. ओट्यावरच आहे. माझ्या हातात अजून तो चुडा आहे. भाकरी थापताना वाजतो, कूस बदलली तर वाजतो, आणि वाजला की माझा राग जागा होतो. निवू दे म्हणून सगळे सांगतात. मी का निववू? परवा शेजारीण हात धरून बघायला लागली. म्हणाली, किती सुरेख हिरवा आहे, अशी काच मिळत नाही आता, कुठल्या यात्रेतला? मी गावाचं नाव सांगितलं.

“म्हणजे तुझ्या आईचं गाव का?”

“माझं,” मी म्हटलं.